बंदूक, ऊस आणि पंधरा डॉलरची पावती

निवडणूक जाहीर झाली की कुरुंदवाडातल्या परवानाधारकांना पोलीस ठाण्यातून नोटीस येते : हत्यार जमा करा. २०२५च्या डिसेंबरात नगरपालिकेची निवडणूक होती, तेव्हा आमच्या शेजारच्या आबांनाही ती आली. आबा सैन्यातून निवृत्त झालेले. नंतर बरीच वर्षं ते एका बँकेच्या दारात स्वतःच्या परवान्यावरची दुनळी घेऊन उभे राहिले. आपल्याकडे माजी सैनिकाला पहारेकऱ्याची बरी नोकरी हवी असेल तर बंदूक आणि परवाना पदरचा असलेला बरा, म्हणून त्यांनी ती घेतलेली. नोटीस आली की ते नळ्यांतून तेलाचा बोळा फिरवतात, काडतुसं मोजून कागदावर आकडा लिहितात, दस्त्याला नाव-नंबराची चिठ्ठी सुतळीनं बांधतात आणि ठाण्यात देऊन पोहोच घेऊन येतात. निकाल लागून चार दिवस गेले की पोहोच दाखवून परत आणतात. यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते त्यांच्या पुतण्याला. तो कॅलगरीहून नाताळच्या सुट्टीत आला होता. तिकडे त्याच्याकडे बंदुकीचा परवाना आहे, पानगळीच्या दिवसांत तो मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जातो, आणि तो कॅनडाच्या कॉन्झर्वेटिव्ह पक्षाचा वर्गणीदार सदस्य आहे. चुलत्या-पुतण्यांचा वाद या नोटिशीवरून सुरू झाला आणि फार लांब गेला. मी तिथेच होतो. एकाच मागणीवर मत द्यावं का, आणि द्यायचंच तर कोणत्या टप्प्यावर, हा त्या वादाचा गाभा होता. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही, म्हणून तो वाद इथे मांडतो आहे.

"आबा, तुमच्यावर एकही गुन्हा नाही. मग दर निवडणुकीला गुन्हेगारासारखी बंदूक नेऊन का देता? कुणी विचारत कसं नाही?"

"विचारलंय की. कोकणातल्या माणसानं विचारलंय. हायकोर्टात गेला व्हता त्यो."

आबांचं बरोबर आहे. सिंधुदुर्गातल्या एका परवानाधारकानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या सरसकट आदेशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यानंतर २००९ साली निवडणूक आयोगानं सूचना काढल्या. जिल्ह्यात छाननी समिती असावी. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत आणि विशेषतः निवडणुकीतल्या दंगलीत सापडलेले, अशांच्या परवान्यांचा विचार करून समितीनं ठरवावं. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या खेळाडूंना सूट मिळाली. तरी नोटीस अजून पुष्कळांना येते, आणि आबांसारखे लोक वाद न घालता बंदूक देऊन टाकतात.

"पण एकट्यानं कोर्टात जाण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून मत फिरवलं तर?" पुतण्या म्हणाला. "आमच्याकडे आम्ही तेच करतो. वीस लाखांहून जास्त परवानाधारक आहेत कॅनडात. पक्षाचा नेता कोण व्हावा, तिथपासून आम्ही हात घालतो."

आबांना हे नवीन होतं. "पक्षाचा नेता तुमी निवडता? म्हंजे आमदार-खासदार न्हाईत निवडत?"

"सदस्य निवडतात. पंधरा डॉलरची पावती फाडली की सदस्य. चौदा वर्षांचा मुलगाही होऊ शकतो. मी तर नागरिक व्हायच्या आधीच झालो. देशाच्या निवडणुकीत मला मत नव्हतं, पण उद्या पंतप्रधानपदासाठी उभा राहणारा माणूस ठरवायला होतं."

मग त्यानं २०२०ची हकिगत सांगितली. त्या वर्षी १८ आणि १९ एप्रिलला नोव्हा स्कोशिया प्रांतात एका माणसानं २२ जणांना मारलं. १ मे रोजी ट्रुडो यांच्या लिबरल सरकारनं संसदेत कायदा न आणता मंत्रिमंडळाच्या आदेशानं सुमारे दीड हजार प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. "ज्यानं मारलं त्याच्याकडे परवानाच नव्हता, आबा. त्यातल्या बऱ्याच बंदुका अमेरिकेतून चोरून आणलेल्या. आणि शिक्षा कुणाला? प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन, जामीनदारांच्या सह्या आणून ज्यांनी परवाना काढला त्यांना."

त्याच उन्हाळ्यात कॉन्झर्वेटिव्ह पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक चालू होती. चार उमेदवार होते : पीटर मॅके, एरिन ओटूल, लेस्लिन लुईस आणि डेरेक स्लोन. मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा. कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाले नाहीत तर शेवटचा बाद होतो आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. पुतण्यानं पहिली पसंती ओटूल यांना दिली. त्यांनी ही बंदी आणि आधीचा बंदूक कायदा, दोन्ही रद्द करण्याचं वचन दिलं होतं. ते सैन्यात होते, हेही त्याच्या मनात होतं.

आबांनी मोजणीबद्दल खोदून खोदून विचारलं. सदस्यांची मतं नुसती बेरीज करून मोजत नाहीत, हे ऐकल्यावर ते सरसावून बसले. तेव्हा देशात ३३८ मतदारसंघ होते आणि प्रत्येकाला १०० गुण. एखाद्या मतदारसंघात पक्षाचे तीन हजार सदस्य असोत की दीडशे, गुण शंभरच. ते उमेदवारांत मतांच्या प्रमाणात वाटायचे. २०२०च्या दुसऱ्या फेरीत देशभरात सर्वांत जास्त मतं लेस्लिन लुईस यांना होती, पण गुणांत त्या तिसऱ्या आल्या आणि बाद झाल्या.

"हे तर आपल्या गोकुळसारखं झालं," आबा म्हणाले. "दूध संस्थेत सभासद दोनशे आसूदेत न्हाईतर वीस, ठराव येकच. ज्यानं बारक्या संस्थांचे ठराव गोळा केले त्येचं पॅनेल."

हे साम्य मला फार नेमकं वाटलं. कोल्हापूर जिल्हा दूध संघाची, म्हणजेच गोकुळची, निवडणूक साडेतीन हजारांच्या आसपास ठरावधारकांवर ठरते, आणि जिल्ह्याचं निम्मं राजकारण त्या ठरावांभोवती फिरतं. मे २०२१मध्ये तिथली अनेक वर्षांची सत्ता उलटली. संघ बहुराज्य करण्याच्या प्रस्तावाला झालेला विरोध त्यामागे होता. दूध घालणाऱ्या माणसानं एकच प्रश्न धरून ठेवला आणि ठरावधारकाला तो प्रश्न टाळता आला नाही.

पुतण्यालाही दुधाचीच गोष्ट आठवली. २०१७ साली याच पक्षाच्या नेतेपदासाठी मॅक्सिम बर्निए सर्वांत पुढे होते. कॅनडात दुधाला कोटा असतो. कोट्याबाहेर उत्पादन करता येत नाही आणि भाव बांधून मिळतो. बर्निए म्हणाले, ही पद्धत मोडून टाकू. क्यूबेकमधले दूध उत्पादक खवळले. त्यांनी पावत्या फाडल्या, सदस्य झाले आणि बर्निए यांच्या विरोधात मतदान केलं. क्यूबेकमध्ये पक्षाचे सदस्य थोडे, म्हणून एकेका मताला वजन जास्त. तेराव्या फेरीत अँड्र्यू शीर ५०.९५ टक्के गुण घेऊन निवडून आले. बर्निए स्वतःच्या मतदारसंघातही मागे पडले. नंतर पत्रकारांच्या वार्षिक भोजनाला शीर दुधाचा खोका घेऊन व्यासपीठावर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत दूध प्यायले.

"बघा आबा. एक मागणी, थोडी माणसं, योग्य जागा. देशाच्या निवडणुकीत हेच शेतकरी समुद्रात थेंब होते. इथं त्यांनी नेता पाडला."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुधाचं ऱ्हाऊ दे. तुझ्या त्या फौजीचं काय झालं, ते सांग."

हा प्रश्न पुतण्याला टाळायचा होता, असं मला वाटलं. ओटूल २०२०मध्ये तिसऱ्या फेरीत ५७ टक्के गुण घेऊन नेते झाले. २०२१च्या सप्टेंबरात देशाची निवडणूक होती. जाहीरनाम्यात बंदी रद्द करण्याचं वचन होतं. प्रचारात विरोधकांनी त्यावरच घेरलं, शहरांतला मतदार बिचकला, आणि मतदानाला पंधरा दिवस उरले असताना ओटूल यांनी जाहीर केलं की बंदी तूर्त राहील, फेरविचार करू. निवडणूक ते हरलेच.

"म्हंजे तुमच्या मतावर नेता झाला आणि वेळ आली तवा तुमालाच सोडलं."

"हो. पण त्याची किंमत त्यांनी मोजली. २ फेब्रुवारी २०२२ला त्यांच्याच खासदारांनी गुप्त मतदान करून त्यांना काढलं. ७३ विरुद्ध ४५."

"बंदुकीपायी काढलं?"

"फक्त तेवढ्यासाठी नाही. पण शब्द फिरवणारा माणूस, हे नाव पडलं होतं, आणि त्यात बंदूक होतीच."

इथून आबांचा सूर बदलला. त्यांचं म्हणणं मी जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत देतो. "मी तीस वर्षं बंदूक हातात धरली. सरकारची आणि माझी सोताची. बंदूक हे काम हाय, त्यो माझा धर्म न्हवं. तू म्हणतूस, आमच्या बंदुकीला कोण हात लावत न्हाई ते बघून नेता निवडला. मग दवाखान्याचं काय? तुझ्या पोरींच्या शाळेचं काय? तिकडं घरं परवडत न्हाईत म्हणून तूच रडत व्हतास फोनवर. त्येच्यावर कोण काय बोललं ते बघितलंस का? आणि ज्या घरातली बावीस माणसं गेली, त्यांनी बी येकच मागणी धरली आसंल. त्यांची मागणी तुझ्यापेक्षा हलकी कशी?"

आबांना कॅनडाचा इतिहास ठाऊक नव्हता, पण त्यांनी बोट बरोबर जागी ठेवलं होतं. ६ डिसेंबर १९८९ रोजी मॉन्ट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निक या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका माणसानं १४ स्त्रियांना मारलं. वाचलेल्या विद्यार्थिनी आणि गेलेल्यांचे आईवडील तेव्हापासून बंदूक नियंत्रणाची एकच मागणी घेऊन उभे आहेत. त्यातून १९९५चा कायदा आला आणि प्रत्येक बंदुकीची नोंदणी सुरू झाली. शिकाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या लांब नळीच्या बंदुकांची नोंदणी २०१२ साली हार्पर यांच्या कॉन्झर्वेटिव्ह सरकारनं बंद केली. म्हणजे एकाच मागणीवर मत देणारे दोन्ही बाजूंना होते आणि आहेत.

पुतण्यानं उत्तर दिलं ते मला दुबळं वाटलं नाही. "आबा, दवाखाना आणि घरं यावर चौघंही तेच बोलत होते. गुळमुळीत. जिथं सगळे सारखं बोलतात तिथं निवडायचं कसं? बंदुकीवर बोलायला शहरात भीती वाटते. तिथं जो उभा राहील, तो इतर ठिकाणीही शब्द पाळेल. माझ्यासाठी ती कसोटी आहे."

"आणि त्या कसोटीला उतरलेलाच फिरला."

"म्हणून २०२२ला आम्ही दुसरा निवडला."

२०२२ची निवडणूक वेगळी झाली. त्या पक्षाचे पावणेसात लाखांहून जास्त सदस्य नोंदले गेले आणि चार लाखांवर लोकांनी मत दिलं. १० सप्टेंबरला पियेर पॉलिएव्ह पहिल्याच फेरीत ६८ टक्क्यांवर गुण घेऊन निवडून आले; क्यूबेकचे माजी मुख्यमंत्री ज्याँ शारे फार मागे राहिले. पॉलिएव्ह बंदीच्या विरोधात ठाम होते आणि देशाच्या निवडणुकीतही ठाम राहिले. पण २८ एप्रिल २०२५ला लिबरल पक्ष मार्क कार्नी यांच्या नेतृत्वाखाली जिंकला आणि पॉलिएव्ह स्वतःच्या मतदारसंघातही पडले. दरम्यान ऑक्टोबर २०२२पासून पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवली गेली, डिसेंबर २०२३मध्ये त्याचा कायदा झाला, आणि बंदीची यादी नंतर आणखी वाढली. एकदा शब्द फिरवणारा नेता मिळाला, एकदा शब्द पाळणारा मिळाला. बंदी दोन्ही वेळा राहिली.

आबांनी एवढ्यावर वाद जिंकला असं म्हणता आलं असतं. मला तसं वाटत नाही, कारण आबांचा स्वतःचा इतिहास पुतण्याच्या बाजूनं बोलतो. ते ऊसकरी आहेत. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला वर्षानुवर्षं गेलेले. २००४ साली शिरोळनं शेतकरी नेते राजू शेट्टींना अपक्ष आमदार केलं, २००९ साली हातकणंगल्यानं खासदार केलं, तेव्हा आबांनी मतही दिलं आणि खिशातली नोटही दिली. 'एक नोट, एक व्होट' ही तेव्हाची घोषणा होती. त्या मतदानात जात, पक्ष, पाहुणेरावळे बाजूला पडले आणि उसाचा दर एवढीच गोष्ट उरली. पुतण्यानं हेच विचारलं : "तुम्ही उसावर मत दिलं तेव्हा शाळा आणि दवाखाना बघितला होता?"

"न्हवता बघितला," आबा म्हणाले. "पर उसावर माझं घर चालतं. बंदुकीवर तुझं न्हाई चालत."

"मग २०१९ला काय झालं?"

२०१९ला शेट्टी पडले, २०२४ला तर तिसऱ्या क्रमांकावर गेले. २०१४ला भाजपबरोबर, २०१९ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर आणि २०२४ला एकटे, हे फिरणं लोकांना पटलं नाही, असं आमच्या भागात बोललं जातं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. फेब्रुवारी २०२२मध्ये राज्य सरकारनं एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला. ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत पूर्ण रक्कम द्यावी, हे केंद्राच्या १९६६च्या आदेशात आहे. शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५मध्ये न्यायालयानं राज्याचा तो निर्णय रद्द केला. तेव्हा ते खासदारही नव्हते आणि आमदारही नव्हते. मत हरलं, संघटना उरली होती, म्हणून मागणी टिकली.

पुतण्याच्या गोष्टीत मला ही बाजू कच्ची दिसली. नेता निवडायच्या वेळी बंदूकवाले एकत्र आले, ते शहाणपणाचं होतं. क्यूबेकच्या दूधवाल्यांनी दाखवलं की थोड्या माणसांचं मत सर्वांत जड कुठे पडतं. पण दूधवाल्यांची मागणी नको असलेला नेता थांबवण्याची होती. तो थांबला आणि काम झालं. बंदूकवाल्यांना आधीच लागू झालेली बंदी उठवायची होती, आणि त्यासाठी नुसता पक्ष पुरत नाही, देश पटवावा लागतो. टोरोंटो आणि मॉन्ट्रियलमधल्या ज्या बाईनं कधी बंदूक हातात धरली नाही, तिला पटेल असं काही त्यांच्याकडे हवं होतं. पुतण्याच्या बोलण्यात त्या बाईबद्दल एकही वाक्य आलं नाही. आबांच्या बोलण्यात ती होती.

आपल्याकडे बंदूकवाल्यांचा आवाज अगदीच ऐकला जात नाही असंही नाही. २०१९ साली शस्त्र कायदा दुरुस्त करताना तीनऐवजी एकच बंदूक ठेवता येईल असा प्रस्ताव होता. नेमबाजांनी आणि वडिलोपार्जित बंदुका असलेल्यांनी हरकती घेतल्या, आणि शेवटी आकडा दोनवर आला. परवान्याची मुदतही तीन वर्षांवरून पाच झाली. शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क असावा, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी घटना समितीत १९४८च्या डिसेंबरात मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही, आणि माझ्या मते ते योग्य झालं. नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या रायफलीला आणि आबांच्या दुनळीला परवाना पुरेसा आहे. यावर पुतण्या माझ्याशी सहमत नव्हता.

पण मला या सगळ्यात बोचली ती दुसरीच गोष्ट. पंधरा डॉलर भरून नागरिक नसलेल्या कायम रहिवाशाला, चौदा वर्षांच्या पोराला, क्यूबेकच्या गवळ्याला देशातल्या मोठ्या पक्षाचा नेता ठरवता येतो. आपल्याकडे? काँग्रेसनं ऑक्टोबर २०२२मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक घेतली : मल्लिकार्जुन खर्गे ७,८९७, शशी थरूर १,०७२. आपल्या पक्षांत ही मोठीच गोष्ट होती, पण मत साडेनऊ हजारांच्या आसपास प्रतिनिधींनी दिलं. शिरोळ तालुक्यातल्या साध्या सदस्याला विचारलं गेलं नाही. शिवसेना कुणाची, हे १७ फेब्रुवारी २०२३ला निवडणूक आयोगानं ठरवलं. राष्ट्रवादी कुणाची, हे ६ फेब्रुवारी २०२४ला. दोन्ही वेळा माप होतं आमदार-खासदारांच्या संख्येचं. ज्यांनी वर्षानुवर्षं पावत्या फाडल्या, भिंती रंगवल्या, सतरंज्या उचलल्या, त्यांचं मत मोजण्याची सोयच नव्हती. गोकुळच्या एका ठरावाला जेवढी किंमत आहे, तेवढीही आपल्या पक्षसदस्यत्वाला नाही.

यावर चुलता-पुतणे एकमतानं बोलले. पुतण्या म्हणाला, "नेता चुकीचा निवडला तरी तो आम्ही निवडला होता." आबा म्हणाले, "आमच्यावर निवडायची पाळीच येत न्हाई. वरनं नाव येतं, खाली आमी हार आणतो."

कुठल्याही पक्षाची सदस्य नोंदणी आता वारंवार दारात येते. काही पक्षांत तर नुसता मिस्ड कॉल दिला तरी माणूस सदस्य होतो. तुमच्या दारात कुणी आलं, तर पक्ष कोणता हे बघू नका. आधी एवढंच विचारा : या सदस्यत्वावर जिल्हाध्यक्ष, प्रदेशाध्यक्ष, राष्ट्रीय अध्यक्ष निवडायला मला मत आहे का? नसेल, तर ते मिळेपर्यंत पावती फाडू नका, आणि का फाडली नाही ते त्याला तोंडावर सांगा. ऊस असो, दूध असो की बंदूक, मागणी पुढे न्यायची तर आधी पक्षात मत हवं.